ओढ्यापलीकडचा पहारा

या माऊली, असं जरा पुढं सरकून बसा. खांबाला पाठ लावली की गोष्टीत डुलकी लागते, आणि ही गोष्ट डुलकीच्याच वेळेची आहे. चैत्रातली भर दुपार. पंगत उठलेली, पत्रावळ्या गोळा झालेल्या, आचारी चुलवणाशेजारी आडवा झालेला. मांडवात माशा जाग्या आणि देव जागा. अशा वेळी ज्याच्या गळ्यात वीणा असते, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आज आपण तिकडेच बघू.

टेकवाडीच्या मारुतीपुढे, पत्र्याच्या मांडवाखाली, लंकाबाई वीणा घेऊन उभी होती आणि तिचा कान ओढ्यापलीकडे लागला होता.

ओढ्यापलीकडे बोरदरे गाव. तिथंही मारुतीच, तिथंही सप्ताहच, तिथंही भोंगा. त्या भोंग्यातून एक म्हातारा, घोगरा आवाज शेतं ओलांडून येत होता. ‘रामकृष्ण हरी, जय जय रामकृष्ण हरी.’ तो तिच्या थोरल्या भावाचा, भिमाजीचा. दहा ते बारा हा भिमाजीचा पहारा. बारा कधीच वाजून गेले होते. वाडीची पंगत बसली, वाढली, उठली. आवाज चालूच होता. मघाशी भरलेला होता, आता काठाकाठानं फाटत चालला होता. म्हणजे भावाच्या हातातून वीणा घ्यायला कुणी आलंच नव्हतं.

सप्ताहाचा नियम तुम्हाला ठाऊक असेलच, तरी सांगितलेला बरा. पहिल्या दिवशी वीणा एकदा गळ्यात आली की काल्याच्या कीर्तनापर्यंत ती जमिनीला टेकत नाही. रात्रंदिवस कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात. पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तिथं थोरला-धाकटा नाही, सासू-सून नाही. आणि वीणा गळ्यात असेपर्यंत बसायचं नाही, बोलायचं नाही. तोंडात नाम, दुसरं काही नाही.

बोरदऱ्यात दुपारचा बाराचा पहारा लंकाबाईचा होता. लग्न होऊन वाडीत आली त्या वर्षापासून. वडिलांनी तिला मुद्दामच वाडीत दिली होती. म्हणाले होते, “लांब कशाला द्यायची? वाडी म्हंजी गावच. शिवंच्या आतच ऱ्हाईल माझी लेक.” तेव्हापासून दर चैत्रात भिमाजीनं वीणा उतरवायची आणि लंकाबाईनं घ्यायची. भाऊ वाकून बहिणीच्या पाया पडायचा, बहीण भावाच्या. वर्षभरात बोलणं झालं असो नसो, त्या एका वाकण्यात सगळं येऊन जायचं.

आता ती शीवच बदलली होती.

वाडीचं म्हणणं काही खोटं नव्हतं. बोरदऱ्याची टाकी भरली की मग वाडीला पाणी, तेही तिसऱ्या दिवशी. दाखला हवा, चला गावात. माणूस मेलं, न्या गावात. आणि मध्ये हा ओढा. पावसाळ्यात कमरेला लागणारा. त्यावर साकव होणार, हे प्रत्येक निवडणुकीला ठरायचं. लंकाबाईची सून स्नेहल, बोरी बुद्रुकची मुलगी, पदवी घेतलेली, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मंचरला न्यायला निघाले. ओढ्यात ट्रॅक्टर बंद पडला. लंकाबाईनं लुगडं कमरेला खोचलं आणि ताडपत्रीखाली, वाहत्या पाण्याच्या आवाजात, नातवाला आपल्या हातांत घेतलं. स्नेहलनं पोराचं नाव स्वराज ठेवलं आणि महिन्याभरातच वाडीतल्या बायका गोळा केल्या. वाडीला स्वतंत्र ग्रामपंचायत हवी.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय आला. माजी सरपंच दादाभाऊ, सप्ताह कमिटीचेही तेच अध्यक्ष, मिशीवरून हात फिरवत उभे राहिले.

“राव, टीव्ही बघता का न्हाई? तिकडं बिलायतेनं त्या मोठ्या संघातनं अंग काढून घ्येतलं. ऐटीत भाईर पडली. आता पस्तावत्यात. अन् तुमी चार आळ्यांची वाडी, गाव सोडून कुठं जाणार?”

स्नेहल मागच्या रांगेतून म्हणाली, “भाऊ, बिलायतेच्या बायका ट्रॉलीत बाळंत होत नव्हत्या.”

दादाभाऊंनी मिशी सोडली आणि खाली बसले. मग हात वर करायला सांगितलं.

लंकाबाई खांबापाशी बसली होती. समोरच्या बाजूला गावची मंडळी, त्यांच्यात भिमाजी, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. तिनं एकदा सुनेकडे पाहिलं. एकदा भावाकडे. ओढ्यातलं ते पाणी तिला पुन्हा पायांत आल्यासारखं वाटलं आणि हात वर गेला. भिमाजीनं तो हात पाहिला. मग टोपी काढली, मांडीवर झटकली, पुन्हा घातली, आणि सभा उठायच्या आत निघून गेला.

त्या वर्षी भाऊबीजेला ती ताट घेऊन गेली, तर भावजय म्हणाली, “ते रानात गेल्यात बाई. कांद्याला पाणी हाय.” दिवाळीतली सकाळ होती. लंकाबाईनं उंबऱ्यापाशी निरांजन लावलं, भावाच्या रिकाम्या पाटाला ओवाळलं आणि परत आली.

माघात आदेश आला. वाडी वेगळी झाली. फटाके वाजले, पेढे वाटले. चैत्र जवळ आला तशी दादाभाऊंनी बोरदऱ्याच्या भोंग्यावरून जाहीर केलं, “ज्यांनी गाव सोडलं, त्यांचं पहारं बी आता त्यांनीच बघावं.” वाडीही हट्टाला पेटली. पैसे गोळा झाले, आळंदीहून नवी वीणा आली. आणि इथंच दोन्ही गावांनी आपल्यासारख्या भाविकांनाच सुचेल अशी चूक केली. तिथी कुणी सोडेना. हनुमान जयंतीचा काला बोरदऱ्याचाही आणि वाडीचाही. एकाच आठवड्यात दोन मांडव, दोन वीणा, आणि माणसं मात्र तेवढीच. त्यात कांदा काढणी. रात्रीच्या पहाऱ्यांची नावं कशीबशी भरली. दुपारच्या पहाऱ्याचं बोरदऱ्यात कुणाच्या ध्यानातच आलं नाही. इतकी वर्षं त्या वेळेला वाडी उभी राहायची आणि गाव झोपायचं.

ती भोंग्यावरची घोषणा झाली तेव्हा भिमाजी कमिटीतच बसलेला होता, असं लंकाबाईच्या कानावर आलं होतं. तो एक शब्द बोलला नाही. “तोडायचं तर तोड म्हणावं, पर तोंडानं तोड,” एवढं ती तेव्हा सुनेजवळ म्हणाली, आणि मग तिनं विषय काढला नाही.

आणि आज सप्ताहाचा पहिला दिवस, पहिलीच दुपार.

ती नाम घेत होती. वाडीच्या दोन म्हाताऱ्या टाळकरणी भिंतीला टेकून पेंगत होत्या. तिच्याही नकळत काहीतरी होऊ लागलं होतं. ओढ्यापलीकडचं नाम संपलं की हिचं सुरू व्हायचं. तिकडे श्वास घ्यायला थांबलं की इकडून भर पडायची. दोन गावांच्या मध्ये उसाची शेतं, कांद्याची रानं, वर घारी. आणि त्यांच्यावरून बहीण-भावाचं नाम एकमेकांना हात देत चाललं होतं.

स्नेहल भांडी मोजून घेऊन मांडवात आली. तिला चालीतलं फारसं कळत नसे, पण कान तिखट. ती थबकली.

“आत्या, तुम्ही मधेच का थांबताय? कुणाच्या तालावर म्हणताय?”

लंकाबाई बोलू शकत नव्हती. तिनं फक्त ओढ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पलीकडचा आवाज ‘हरी’वर अडकला, खोकला आला, पुन्हा सुरू झाला.

“मामा?” स्नेहल म्हणाली. “अजून मामाच उभे आहेत? अहो, ते दहाला लागलेले ना?”

लंकाबाईचे डोळे भरले. नाम तुटलं नाही.

स्नेहल तशीच उभी राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला नको. पहिलंच वर्ष. आज लंकाबाई इथली वीणा सोडून बोरदऱ्यात गेली, की उद्या पारावर बसून लोक म्हणणार, बघा, वेगळं व्हायला निघाले होते. दोन वर्षांची खटपट, तालुक्याच्या फेऱ्या, आणि एका दुपारी सगळ्याचं हसं.

मग ती नळाशी गेली. हातपाय धुतले. पदर डोक्यावर घेतला आणि येऊन सासूच्या पाया पडली.

“द्या इकडं. मला चाल येत नाही, पण नाम तर येतं ना. तुम्ही जा. आणि आत्या, उसाच्या कडेनं जाऊ नका, काल तिथं बिबट्या दिसलाय. रस्त्यानं जा.”

लंकाबाई वाकली आणि सुनेच्या पायांना हात लावला. स्नेहलनं गडबडून पाय मागे घेतले, मग तिला नियम आठवला आणि ती स्थिर उभी राहिली. वीणा या गळ्यातून त्या गळ्यात गेली. मांडवाबाहेर पडल्यावरही लंकाबाईला भोंग्यातून सुनेचं नाम ऐकू येत होतं. आवाज गोड होता आणि चाल सगळी वाकडी.

ओढा कोरडा पडला होता. दगडगोटे तापलेले. पलीकडच्या काठावर बाभळीखाली एक मोटरसायकल उभी होती, आणि तिच्यावर बसून दादाभाऊ टॉवेलनं वारा घेत होते. लंकाबाईला पाहताच त्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

“मी काय बोलवायला आलो न्हाई हां, आक्का. गाडी गरम झाली म्हणून थांबलोय.”

लंकाबाईनं जाता जाता इंजिनाजवळ हात नेला. “ही? ही तर दह्यासारखी गार हाय. कवाधरनं बसलायस?”

“झाला आसंल आर्धा तास.”

“अन् वढा वलांडंना व्हय तुला? कोरडाय की रं.”

दादाभाऊंनी टॉवेल खांद्यावर टाकला. माणूस भांडायला कधी दमला नव्हता, पण आता त्यांचा आवाज खाली आला.

“काय करू सांग. म्हाताऱ्याला म्हणलं, आणा, मी घेतो. मान हलवून न्हाई म्हणलं. माझ्या सुनंला, अश्विनीला, उठवून आणली, तिला बी न्हाई. पोरांना फोन लावलं. नुसतं मान हलवतंय अन् वढ्याकडं बघतंय. लई हट्टी. म्या म्हणलं, पडंल हे. मग आलो हितवर. अन् हितनं पुढं पाय उचलंना. काय तोंडानं वाडीत येऊ? पहारं बी मीच तोडलं ना.”

“तोंड हाय तेच घिऊन यायचं,” लंकाबाई म्हणाली. “आमाला काय नवं हाय का ते? चल, गाडी फिरव.”

बोरदऱ्याच्या देवळात खरंच कुणी नव्हतं. एक टाळकरी खांबाला टेकून झोपेतच टाळ वाजवत होता. आणि मारुतीपुढे भिमाजी. टोपी खाली ठेवलेली, कपाळावरचा बुक्का घामानं ओघळलेला, एक हात वीणेवर आणि दुसरा खांबाला. तो देवाकडे तोंड करून होता, तरी ती आली हे त्याला पावलांवरून कळलं असावं. नाम घेता घेता त्याची मान थोडी खाली गेली.

ती समोर जाऊन उभी राहिली. वाकली, भावाच्या पायांवर डोकं ठेवलं. भिमाजीही वाकू लागला. त्याला वाकवेना. दादाभाऊ धरायला पुढे झाले, तर त्यानं कोपरानं त्यांना बाजूला सारलं, खांबाला धरून सावकाश खाली आला आणि बहिणीच्या धुळीनं भरलेल्या पायांवर दोन्ही हात टेकले. ते हात तिथं थोडा वेळ राहिले. मग वीणा या गळ्यातून त्या गळ्यात गेली.

आता भिमाजीला बोलता येत होतं आणि लंकाबाईला येत नव्हतं.

तो खांबापाशी बसला. दादाभाऊंनी पाण्याचा तांब्या दिला. तो घटाघटा प्यायला. ती नाम घेत उभी होती.

“तुला वाटलं आसंल, आण्णा रुसला,” तो म्हणाला. आवाज पार बसला होता. “रुसलो न्हाई मी लंके. तू हात वर केलास, ते बराबर केलंस. सूनबाईनं सोसलंय. मी बी तुझ्या जागी आसतो तर केला आसता.”

‘रामकृष्ण हरी.’

“भ्या वाटलं मला. बानं तुला शिवंच्या आत दिली व्हती. म्हणलं, आता शीव पडली मधी. उद्या मी गेलो तर लंकीला कळवायला पावण्यावाणी माणूस धाडायचा का? ती पावण्यावाणी येऊन पावण्यावाणी जाणार का? त्या भाऊबीजंला रानात गेलो व्हतो ना, तर घरासमोरच्याच बांधावर बसून तुझं ताट बघत व्हतो. तू रिकाम्या पाटाला ओवाळलंस. मला उठवंना. लाज वाटली.”

‘जय जय रामकृष्ण हरी.’ तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. एक वीणेवर, दुसऱ्यात चिपळ्या.

“बाराला कुणी आलं न्हाई, तवा वाईट वाटलं. अन् मग भोंग्यातनं तुझा आवाज यायला लागला.” भिमाजी हसला, त्यानंतर त्याला खोकला आला. “म्हणलं, ती तिकडं उभी हाय, मी हिकडं उभा हाय. जवर ती, तवर मी. हा दादाभाऊ येऊन वीणा मागायला लागला. ह्याला काय कळतंय? मी श्वास घेतला की तू धरायचीस. असं कधी म्हणलं व्हतं का आपुन दोघांनी? एका देवळात एकावेळी एकच वीणा. ते वेगळं झालं म्हणून घडलं की गं.”

दादाभाऊ खाली बघून चटईच्या काड्या सरळ करत होते.

तेवढ्यात भिमाजीनं कान टवकारले. ओढ्यापलीकडून वाडीचा भोंगा. स्नेहलचं नाम एकदा वर, एकदा खाली, जसं नवं वासरू चालतं तसं.

“हे कोण म्हणतंय? सूनबाई?”

लंकाबाईनं मान हलवली.

“पांडुरंगा,” तो म्हणाला. “एकटीला उभी करून आलीस व्हय तिला? पोरगी बावरली आसंल.” त्यानं टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. “दादाभाऊ, गाडी काढ.”

“आवो आण्णा, आता कुठं बसलाव. दोन घास खा.”

“वाडीत खातो. त्यांची पंगत बी देवाचीच हाय. गाडी काढ म्हणतो ना. का पुन्यांदा गरम झाली?”

दादाभाऊंनी खिशातून चावी काढली.

लंकाबाई नाम घेत राहिली. मोटरसायकलचा आवाज देवळापासून निघाला, वेशीतून गेला, ओढ्यात उतरला, क्षणभर तिथं थांबल्यासारखा झाला आणि मग पलीकडे चढला. तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं वाडीच्या भोंग्यातलं स्नेहलचं नाम थांबलं नाही, फक्त त्याच्यात दुसरा एक आवाज मिसळला. बसलेला, घोगरा. मग पोरीचा आवाज बाजूला झाला आणि तो एकटाच उरला. बोरदऱ्याचा भिमाजी टेकवाडीच्या मारुतीपुढे उभा होता. लंकाबाईनं नाम घेतलं, एक श्वास मोकळा सोडला, आणि त्या मोकळ्या जागेत ओढ्यापलीकडून भावाचं नाम आलं.

वाडी पुन्हा गावात गेली नाही, माऊली. जायचं कारणही नव्हतं. तिची पंचायत तिच्यापाशी आहे, पाणी रोज येतं, आणि ओढ्यावर साकव बांधून झालाय. तिथी मात्र दोघांचीही अजून तीच. तेवढा हट्ट देव चालवून घेतो. फक्त दुपारचा पहारा अदलाबदलीचा ठरला. बाराला वाडीची बाई बोरदऱ्यात येते आणि बोरदऱ्याचा माणूस वाडीत जातो. हे कुठल्या ठरावात नाही. दादाभाऊ स्वतः गाडीवर नेआण करतात आणि कुणी काही म्हटलंच, तर सांगतात, “मी काय त्यासाठी न्हाई जात, मला तिकडं काम असतंय.”

भिमाजी पुढच्या पौषात गेला. लंकाबाईला कळवायला कुणाला धाडावं लागलं नाही. ती तिथंच होती, त्याच्या उशाशी.

आता दहा ते बारा भिमाजीचा मुलगा भगवंत उभा राहतो. बाराला आत्या येते. भाचा तिच्या पाया पडतो, ती भाच्याच्या पडते, वीणा गळ्यात घेते. पलीकडे वाडीत कुणी ना कुणी उभं असतंच, भोंगाही चालू असतो. पण लंकाबाई अजून तशीच नाम घेते. एकदा म्हणते, आणि एक श्वास मोकळा सोडते. टाळ वाजत राहतात. नवख्याला वाटतं, म्हातारी दमली. ती दमत नाही. ती जागा ठेवते.

तर उठण्याआधी एवढंच मागणं. तुमच्या गावाला कधी भर दुपारी भोंग्यातून नाम ऐकू आलं, आणि दोन नामांच्या मध्ये अशी एक जागा मोकळी वाटली, तर तिथं बोरदऱ्याच्या भिमाजीची आठवण काढा. रामकृष्ण हरी.